घड्याळात चौदा वाजत नाहीत

सुजाताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. नवी पाण्याची टाकी बसवून घेतली होती. ती काठोकाठ भरल्यावर जादा पाणी नळीतून नीट खाली जातं की भिंतीवरून ओघळतं, ते बघत उभा होतो. ही सवय माझी नव्हे, मिलिंदची. कोणतीही वस्तू आधी तिच्या शेवटापासून तपासायची, असं तो म्हणायचा. टाकी घेतली की पहिल्याच दिवशी भरून वाहू द्यायची, कुलूप घेतलं की आधी हरवलेल्या किल्लीचा विचार करायचा. पंधरा वर्षं मी त्याला टाळत आलो, पण ही सवय काही सुटली नाही. फोनवर त्याची मुलगी म्हणाली, "नाना, बाबा गेले. सकाळी आंघोळीला म्हणून उठले आणि..." नळीतून पाणी धो धो अंगणात पडत होतं आणि मला मोटर बंद करायचं सुचत नव्हतं.

जळगावहून धुळं काही लांब नाही. एरंडोल, पारोळा, की आलंच. तरी मी अंत्यविधीला गेलो नाही. घरी सांगितलं, गुडघा धरलाय. गुडघा माझा धरलेलाच असतो, पण त्या दिवशी तो कारण नव्हता. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र गेलो. दारातच शेजारची एक म्हातारी अक्का बसली होती. मला निरखून म्हणाली, "बठ्ठा लोके उनथात, भाऊ. तुम्हीच दखायना नहीत." सगळे आले होते, तुम्हीच दिसला नाहीत, हे तिचं म्हणणं खरंच होतं. आत गेलो. वंदनाने, मिलिंदच्या बायकोने, पाणी दिलं. वंदना मंगळसूत्राच्या जागी नुसताच हात फिरवत होती. सुजाता पुण्याहून आलेली, डोळे सुजलेले. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाना, तुम्हाला एक विचारायचंय. त्या वेळी बाबांची नेमकी चूक काय होती?"

मी म्हटलं, "जुन्या गोष्टी आहेत गं..."

ती म्हणाली, "मला बाबांच्या कपाटात त्यांची जुनी हार्डडिस्क सापडली. केळीच्या केंद्राचा सगळा प्रोग्राम आहे तिच्यात. मी हेच काम करते, नाना, मला वाचता येतं. चूक मला दिसली. पण दुरुस्त केलेली प्रतही तिथेच आहे, आणि ती त्या घटनेच्या सव्वा वर्ष आधीची आहे. दुरुस्ती तयार होती तर बसवली का नाही? त्या घटनेबद्दल बाबांना कधीही विचारलं की ते हसायचे. तुम्ही साहेब होतात ना त्यांचे?"

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. चहा अर्धा ठेवून पाचची बस पकडली. आज ते उत्तर लिहितो आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण मिलिंदवर ठपका चारचौघांतच आला होता.

यावल रस्त्याला आमचं केळी पिकवणी केंद्र होतं. मी तिथला व्यवस्थापक. बागेतून हिरवे घड यायचे, फण्या सुटायच्या, धुऊन क्रेटमध्ये भरल्या जायच्या आणि मग त्या बंद चेंबरमध्ये चार-पाच दिवस ठेवायच्या. चेंबर म्हणजे जाड भिंतींची थंड खोली. आत पिकवण्याचा गॅस सोडायचा, थंडावा राखायचा आणि दर सहा तासांनी पंखे लावून आतली कोंदट हवा बाहेर काढायची. फळ पिकताना श्वास सोडतं. ती हवा बाहेर गेली नाही तर फळ आतल्या आत शिजतं, आणि माणूस आत गेला तर त्याला भोवळ येते. पूर्वी हे सगळं माणसं हाताने करायची. मग आम्ही अठरा चेंबर एका सर्व्हरला जोडले आणि तो चालवायला मिलिंद आला. मूळचा धुळ्याचा, शिक्षण तिथलंच. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि डब्यात कळण्याची भाकरी नि ठेचा. माझ्या टेबलावर डबा उघडून म्हणाला, "साहेब, ह्या ठेच्यावर कंपनीचा विमा आहे का? नसेल तर थोडाच घ्या." आठ दिवसांत मी त्याचा साहेबाचा नाना झालो.

सगळा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला. वर्षभर उत्तम चालला. चेंबरवरचा मुकादम सोपान, यावलचाच, आधी या यंत्रावर खार खाऊन होता. तोही पुढे पडद्यासमोर उभा राहून पोरांना शिकवू लागला. मग एक दिवस मिलिंद माझ्या खोलीत आला, दार लोटलं आणि म्हणाला, "नाना, माझी एक ओळ चुकली आहे. एक नाही, एकोणीस ठिकाणी चुकली आहे."

मला त्यातलं काही कळेना. तेव्हा त्याने क्रेटच्या पुठ्ठ्याचा एक गोल कापला, त्यावर एक ते बारा आकडे काढले आणि खराट्याची काडी टाचणीने मधोमध बसवली. सोपान काही कामाने आला होता, तोही थांबला. मिलिंद म्हणाला, "समजा आता अकरा वाजलेत. मला तीन तासांनी पंखा लावायचा आहे. मी वहीत लिहून ठेवलं, अकरा अधिक तीन, चौदा वाजता लावायचा. आता मी घड्याळाकडे बघत बसलो. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले..." त्याने काडी गोल फिरवली. "चौदा कधी वाजणार?"

मी म्हटलं, "कधीच नाही."

"मग पंखा कधी लागणार?"

सोपान माझ्या आधी बोलला. "मंग चौदा वाजाची वाट काहाले पाहाची? काटा कितीक फिरला ते मोजा ना!"

मिलिंदने टाळीच दिली त्याला. "सोपानभाऊ, तुमची नोकरी मला द्या आणि माझी तुम्ही घ्या. बरोबर हेच! अकरापासून काटा तीन घरं पुढे गेला की लाव पंखा. मग मधे बारा येवो की शून्य येवो." सर्व्हरच्या पोटात असंच एक घड्याळ असतं, त्याने सांगितलं. यंत्र सुरू झाल्यापासून ते सेकंदाचा हजारावा भाग मोजत बसतं. पण मोजायची जागा ठरावीक. चार अब्ज एकोणतीस कोटींच्या थोडं वर गेलं की जागा भरते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दिवसांत धरलं तर एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास. तोवर यंत्र न थांबता चाललं तर त्याच्या पुढच्या सगळ्या वेळा 'चौदा' होऊन बसतात. पंखा नाही, थंडावा नाही, आणि पडद्यावरचे आकडेही त्याच घड्याळाने बदलतात, म्हणून तेही शेवटचे होते तसेच राहतात. सगळं ठीक दिसत राहतं. वर्षभर आम्ही वाचलो ते वीज मंडळाच्या कृपेने. महिन्या-दीड महिन्यात वीज अशी काही जायची की सर्व्हर बंद पडून नव्याने सुरू व्हायचा. आता नवं जनित्र आणि बॅटऱ्या आल्या होत्या, यंत्र बंदच पडत नव्हतं. "आपण सुधारलो नाना, म्हणून आता चूक दिसणार," तो म्हणाला.

मी विचारलं, "तू पन्नास दिवस चालवून बघितलंस का?"

"पन्नास दिवस एका पायावर उभा राहायला मी काय बगळा आहे? घड्याळ शेवटाच्या पाच मिनिटं अलीकडे लावून सुरू केलं. चला, दाखवतो."

त्याच्या टेबलावर एक जुना संगणक आणि त्याला जोडलेला एक छोटा पंखा होता. आम्ही तिघांनी उभ्याने चहा घेतला. चहा संपेपर्यंत पंखा दर अर्ध्या मिनिटाने लागत होता. मग एकदा थांबला तो लागलाच नाही. मग मिलिंदने दुरुस्त केलेला प्रोग्राम घातला, पुन्हा पाच मिनिटं. घड्याळ शून्यावर आलं, पंख्याला पत्ताही नाही, तो आपला वेळेवर लागतोय. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हे वाक्य मला आज लिहायलाच हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं किंवा कळलं नव्हतं असं नाही. मी पाहिलं होतं.

त्याने रीतसर अर्ज दिला. चूक माझी आहे, दुरुस्ती तयार आहे, बसवायला दोन दुपारी आणि चाचणीला एक रिकामं चेंबर द्यावं. अठराही चेंबर भरलेले होते, गाड्या दिल्लीकडे जायला रांगेत होत्या. चालत्या यंत्राला हात लावायची मला भीती वाटली. ती भीती साधी होती, पण मी तिला अनुभव म्हटलं. अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'सीझननंतर बघू', आणि खाली सही केली. केळीच्या धंद्यातला माणूस हे वाचून हसेल. पावसाळ्यात लावलेल्या मृगबागेचा माल संपतो न संपतो तोच हिवाळ्याच्या तोंडावर लावलेला कांदेबाग येतो. केळीला सीझननंतर असं काही नसतंच.

मिलिंद रुसला नाही. म्हणाला, "ठीक. मग तोवर महिन्यातून एकदा यंत्राला पाच मिनिटं झोपवू या. एकोणपन्नास दिवस भरूच द्यायचे नाहीत." पण ते लक्षात कोण ठेवणार? तारीख कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्यावर त्यानेच तोड काढली. अमावास्या! अमावास्येला आमच्याकडे नवं चेंबर भरायला मजूर नाखूश असायचे, कामाचा रेटा त्या दिवशी कमीच. आणि अमावास्या कोणी विसरत नाही. मी चिडवलं, "अरे, तू बुद्ध विहारात जाणारा माणूस, अमावास्या कसली पाळतोस?" तर म्हणाला, "यंत्राला अमावास्या नि पौर्णिमा सारखीच, नाना. पण पौर्णिमेला मला विहारात जायला रजा लागते." तेव्हापासून दर अमावास्येला दुपारच्या चहाला, तीन वाजता, सर्व्हर बंद व्हायचा. सोपान आधी येऊन आठवण द्यायचा, "नाना, आज अमावस हाये. मशीनले झोपवाचं हाये ना?" पाच मिनिटं सगळं केंद्र शांत. त्या शांततेत लांबच्या बागेतल्या पानांची सळसळ ऐकू यायची. मिलिंद मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा, सोपान तंबाखू मळत. मग बटण दाबून मिलिंद म्हणायचा, "उठा महाराज, पाटी कोरी!" माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची पाच मिनिटं कोणती असं विचाराल, तर मी हीच सांगेन. त्याने तेव्हाच बजावलं होतं, "एकही अमावास्या चुकवायची नाही. दोन अमावास्यांचे एकोणसाठ दिवस होतात, तोवर खेळ खलास."

आता माझा फळा. सर्व्हरच्या खोलीबाहेर मी एक काळा फळा लावला होता. 'न थांबता चालू', आणि पुढे खडूने दिवसांचा आकडा. रोज सकाळी आल्याबरोबर मी स्वतः तो बदलायचो. मला त्याचं भारी कौतुक. पण दर अमावास्येला तो शून्यावर यायचा आणि मला उगीच कमीपणा वाटायचा. मिलिंद एकदा म्हणाला होता, "नाना, हा फळा उलटा लावा. किती दिवस उरले ते लिहा." मी ते हसण्यावारी नेलं.

सव्वा वर्ष असं गेलं. मग मिलिंदची आई धुळ्याला आजारी पडली आणि तो लांब रजेवर गेला. त्याच सुमारास बाहेरून मोठे खरेदीदार केंद्र बघायला येणार असं कळलं. त्यांच्यासमोर फळ्यावर मोठा आकडा असावा, एवढीच माझी इच्छा. अमावास्येच्या आदल्या दिवशी मिलिंदचा फोन आला, दवाखान्यातून. "नाना, उद्या झोपवायचं. लक्षात आहे ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सोपान आला तेव्हा त्याला मात्र सांगितलं, "अमावास्या-बिमावास्या पुरे झाली. शिकल्यासवरल्या लोकांच्या केंद्रात हे शोभत नाही." पाहुणे बेचाळिसाव्या दिवशी यायचे होते. ते पुढे ढकलले गेले, मग आणखी पुढे. मी मनात म्हणत होतो, ते येऊन गेले की लगेच झोपवू. पंचेचाळिसाव्या दिवशी मिलिंदचा पुन्हा फोन आला. त्याची आई त्या आठवड्यातच गेली होती. आवाज बसलेला. तरी त्याने विचारलं, "नाना, अमावास्येला झोपवलं होतं ना?"

मी म्हटलं, "झोपवलं. तू काळजी करू नकोस."

हेच ते. ओळ त्याची चुकली होती, हे खरं. ती त्याने स्वतः शोधली, कबूल केली, दुरुस्त केली, आणि दुरुस्ती बसवेपर्यंत सांभाळायचा मार्गही दिला. आईच्या दुःखात असताना विचारलंसुद्धा. आणि मी खोटं बोललो. सुजाता, तुझ्या बाबांची चूक एवढीच की त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

पन्नासाव्या सकाळी आठ वाजता घड्याळ फिरलं. मी त्या वेळी फळ्यावर आकडा लिहीत असेन. दिवसभर पडद्यावर सगळे आकडे हिरवे. दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानने चार नंबरचं चेंबर उघडलं, दोन पावलं आत टाकली आणि तो दारातच कोसळला. पोरांनी पाय धरून ओढून काढला म्हणून वाचला. दोन दिवस जळगावच्या दवाखान्यात होता. अठरा चेंबरमधली केळी काळी पडून मऊ झाली होती. तो गोड, आंबूस वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. पिवळं केळ मी खातो, पण थोडं जास्त पिकलेलं असलं की ताट सरकवतो.

दुपारपर्यंत मिलिंद धुळ्याहून येऊन पोचला. आईच्या सुतकात असावा तसा, दाढी वाढलेली. आला तो सरळ सर्व्हरच्या खोलीकडे. फळ्यासमोर थांबला. फळ्यावर माझ्या अक्षरात आदल्या दिवशीचा आकडा होता, पन्नास. त्याने तो वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... कसं, ते मला आजही सांगता येत नाही. बाहेर संचालकांची गाडी लागल्याचा आवाज आला. मिलिंदने शर्टाच्या बाहीने फळा पुसून टाकला, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि म्हणाला, "जा नाना, आधी तोंड धुऊन या."

त्याला वाटलं असणार, मी सांगेन. फळ्यावर पकडला जाण्यापेक्षा मी आपल्या तोंडाने सांगावं, म्हणून त्याने तो पुसला, असं मला वाटतं. बैठकीत संचालकांनी विचारलं, "चूक माहीत होती तर दुरुस्ती का केली नाही?" मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला. तो पेला मी फार वेळ पीत होतो. कोणीतरी पुटपुटलं, "या लोकांना मोठ्या जागेवर घेतलं की..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं, मलाही. त्याच्यावर ढकलणं इतकं सोपं का गेलं, त्याचं उत्तर त्या अर्ध्या वाक्यात आहे, आणि तेव्हा मान खाली घालणाऱ्यांत मी होतो. मिलिंद शेवटी शांतपणे म्हणाला, "ओळ माझी चुकली होती." अहवाल मी लिहिला. 'संबंधित अभियंत्याने आवश्यक ती दुरुस्ती वेळेत न केल्यामुळे.' त्याचा अर्ज मी फाइलमधून आधीच काढून घेतला होता.

जाण्यापूर्वीच्या महिन्यात दुरुस्ती त्यानेच बसवली. दोन दुपारी लागल्या, म्हणाला होता तशा. वर एक गोष्ट कायमची करून गेला. सर्व्हर कधीही सुरू केला की त्याचं पोटातलं घड्याळ शेवटाच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू व्हायचं. म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी तशीच चूक केली, तर ती पन्नास दिवसांनी भरल्या चेंबरमध्ये नव्हे, पाच मिनिटांत समोर दिसेल. पुढे यंत्र वर्ष-वर्ष न थांबता चाललं. फळ्यावर लिहायला मात्र माझा हात झाला नाही. दोन वर्षांनी मला शाल-नारळ मिळाला. मिलिंद नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत देखभालीच्या कामाला लागला होता, मोटरी नि स्टार्टर बघायला. प्रोग्राम लिहायचं काम त्याला पुन्हा कोणी दिलं नाही. ठपका माणसाच्या आधी पोचतो.

मी सांगणार होतो. खरंच. आधी ठरवलं, निवृत्त झालो की सांगू. मग मुलीचं लग्न होऊ दे म्हटलं. मग नातू झाला, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. तीन वर्षांपूर्वी धुळ्याच्या बसस्थानकावर तो अचानक भेटला. केस पांढरे, खिशाला तीच दोन पेनं. हाताला धरून चहाला नेलं. सुजाताबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. "तिला प्रोग्राम लिहायला शिकवताना पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचं घड्याळ दाखवलं, नाना. म्हटलं, कधी वाजणार ते लिहू नकोस, किती झालं ते मोज." मग सोपानची चौकशी केली. मी चहा संपवला आणि म्हटलं, "मिलिंद, मला तुझ्याशी एक बोलायचं होतं..." त्याने माझ्याकडे पाहिलं, तसंच, फळ्याजवळ पाहिलं होतं तसं. माझी बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी घुटमळलो. तेव्हा तो हसला आणि माझी पिशवी उचलून हातात देत म्हणाला, "सीझननंतर बोलू, नाना."

त्याला माझी ती ओळ पाठ होती.

आज अमावास्येला मी पुन्हा धुळ्याला आलो. दिवस मुद्दाम धरला नव्हता, वंदनाने दार उघडल्यावर तिच्या बोलण्यातून कळलं. दुपारचे तीन वाजत आले होते. "बरे आलात नाना, आज झोपवायचा दिवस," ती म्हणाली आणि कसनुसं हसली. मिलिंद घरीही तेच करायचा. अमावास्येला तीन वाजता मेन स्विच पाच मिनिटं बंद. शेजारणी वंदनाला विचारायच्या, तुमच्याकडे अमावास्या कधीपासून? ती म्हणायची, आमच्यात नाही, आमच्या यंत्रांत आहे. तो गेल्यावरची ही पहिलीच. बंद करायचं की नाही, यावर मायलेकींचं सकाळपासून चाललं होतं. शेवटी सुजाताच उठली आणि तिने स्विच खाली ओढला.

पंखा हळूहळू थांबला. फ्रिजची घरघर बंद झाली. खिडकीशेजारच्या खिळ्याला ते पुठ्ठ्याचं घड्याळ टांगलेलं होतं. कडा कुरतडलेल्या, आकडे फिकटलेले, खराट्याची काडी मात्र जागेवर. मी पिशवीतून अर्ज काढला आणि सुजाताच्या हातात दिला. ती खिडकीच्या उजेडात तो वाचू लागली. आधी बापाचं बारीक, सरळ अक्षर. मग कोपऱ्यातलं माझं. खूप वेळ लागला तिला, मोठा कागद नव्हता तरी.

"सही तुमची?" तिने विचारलं.

"माझीच."

"आणि हा इतकी वर्षं तुमच्याकडे होता..."

"माझ्या कपाटात." मग मी तिला बाकीचं सांगितलं. दोन फोन, फळा, पेला, अहवाल. वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं होतं, रडतील, ओरडतील, बाहेर व्हा म्हणतील. सुजाताने कागद घडी न घालता टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही हे आम्हाला घरात सांगितलंत. बाबांवर ठपका मात्र लोकांत आला होता."

"लिहितो," मी म्हटलं.

"कधी?"

वंदना दारातूनच म्हणाली, "पाच मिनिटं कधीच झाली गं. लाव आता." पण सुजाता जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत. माझी नजर भिंतीवर गेली. खराट्याची काडी अकरावर होती.

म्हटलं, "कागद आण आणि पेन. इथेच बसतो."

ती आत गेली आणि मिलिंदच्या दोन पेनांतलं एक घेऊन आली. मग तिने स्विच वर केला.